हरिपूरच्या पेवावर उच्चारलेला शब्द

मी 'केअरलेस' बोलतो आहे. दचकू नका. आज मी कोणाच्या अंगावर धावून आलेलो नाही. आजवर इतरांनी मला उच्चारले. आज प्रथमच मी स्वतःविषयी बोलतो आहे, आणि माझा ऊर धडधडतो आहे! शब्दाला ऊर नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही धडधडतो आहे.

मी एक इंग्रजी विशेषण. माझा जन्म सातासमुद्रांपलीकडचा. 'केअर' म्हणजे आस्था, जपणूक. 'लेस' म्हणजे तिचा अभाव. वंश साधा, काम मात्र कठीण. जेथे जपायला हवे होते तेथे जपले गेले नाही, तर त्या जागेवर बोट ठेवायचे. बोट ठेवायचे, दगड मारायचा नाही. हा भेद ज्याला कळला, त्यालाच मी कळलो.

या मुलखात आलो तेव्हा मला बरीच भावंडे भेटली. निष्काळजी, बेफिकीर, गाफील, वेंधळा. आमचे नाते आहे; पण आम्ही एक नव्हे. वेंधळ्याला जपावेसे वाटते, त्याला ते साधत नाही. बेफिकिराला परिणामाची पर्वा नसते. गाफील मनुष्याला संकटाची चाहूलच लागलेली नसते. निष्काळजी तेवढा माझा सख्खा भाऊ. आम्हा दोघांचे घर एकच: जपणे शक्य होते, ते कर्तव्यही होते, आणि तरी जपले गेले नाही. या तीन गोष्टी तपासल्यावाचून आमच्या दारी येऊ नये. परंतु येणारे तपासून येत नाहीत.

साताऱ्यात मला आश्रय मिळाला तो विष्णुपंतांच्या मुखी. विष्णुपंत एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. पहाटेचे स्नान, संध्या, देवपूजा, आणि मग शाळा; या क्रमात कधी खंड पडला नाही. धोतराची निरी मोडलेली कोणी पाहिली नाही. त्यांच्या फळ्यावरचे अक्षर छापल्यासारखे असे. अशा मनुष्याच्या जिभेवर मला जागा मिळाली, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

त्यांनी मला वर्गात शिकवले आणि त्याच दिवसापासून वापरायला काढले. कोणाचे पुस्तक घरी राहिले, केअरलेस! कोणाच्या सदऱ्याची गुंडी तुटली, केअरलेस! कोणी रात्रभर आजाऱ्याजवळ बसून सकाळी वर्गात पेंगला, तोही केअरलेस! त्या शेवटच्या मुलाच्या वेळी मी जिभेवर क्षणभर अडखळलो. पण शब्दाला मागे फिरता येत नाही. तो सुटला की सुटला.

शाळा सुटल्यावर मी पंतांबरोबर घरी येत असे. घरी त्यांची पत्नी अनसूयाबाई आणि सोळा वर्षांची मुलगी उमा. उमा मॅट्रिकच्या वर्गात होती. इंग्रजीत तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पण चुलीवर दूध ठेवून ती खिडकीशी उभी राहायची. मुंग्या मेलेला किडा कसा ओढून नेतात ते पाहायची. आणि दूध उतू जायचे. एकदा वडिलांची छत्री यवतेश्वराच्या डोंगरावर विसरून आली. दौतीचे झाकण तर नेहमीच उघडे.

मी तिचा कैवार घेत नाही. दूध उतू गेले होते हे खरे. चूक ती चूक. त्या दुधापुरता मी तिला लागू होतो. पण पंतांनी मला दुधाजवळ ठेवलेच नाही. त्यांनी मला उचलले आणि मुलीच्या कपाळावर कुंकवासारखे लावून टाकले.

"ही मुलगीच केअरलेस," ते म्हणाले.

इंग्रजी अक्षर न येणाऱ्या अनसूयाबाईंनीही मला उचलले. "उमे, केअरलेस कुठली! तुळशीला पाणी घातलंस का?" असे त्या म्हणत. शेजारच्या घरी मी गेलो, दूधवाल्याकडे गेलो. माझा प्रसार पाहून मी हरखून गेलो होतो. उमेचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत गेला, आणि तिचे बोलणे कमी झाले. ती काही सांगू लागली की कोणी तरी हसून मला मध्ये घाली. मग ती तेथेच थांबे.

एका संध्याकाळी पंतांनी निर्णय सांगितला.

"उमा यंदा परीक्षेला बसणार नाही."

अनसूयाबाई चमकल्या. "अहो, असं काय? इंग्रजी तिला येतं म्हणून तुम्हीच तर म्हणता."

"इंग्रजी येतं. जबाबदारी येत नाही. केअरलेस मनुष्याच्या हाती विद्या म्हणजे वाऱ्यावर ठेवलेली समई."

"दूध उतू गेलं म्हणून परीक्षा बुडवायची?"

"दूध ही खूण आहे. हरिपूरला जायचंच आहे. तिला अण्णाकडे ठेवून येऊ. सांगलीत एक स्थळ आहे असं त्यानं कळवलंय."

उमा दाराआड उभी होती. मार्चमध्ये परीक्षा होती. त्या परीक्षेवर तिचा जीव होता, आणि तो जीव माझ्या एका उच्चाराने तोडला गेला. ती रडली नाही. आत जाऊन तिने दौतीचे झाकण लावले.

अण्णा म्हणजे अनसूयाबाईंचे धाकटे बंधू. सांगलीजवळ हरिपुरात त्यांचा हळदीचा व्यापार होता. तेथे हळद कोठारात ठेवत नाहीत, जमिनीच्या पोटात ठेवतात. त्या खड्ड्याला पेव म्हणतात. तोंड एका माणसापुरते, आत रांजणासारखा घेर. हळद भरायची, वर फरशी टाकायची, माती लिंपायची. पुढे वर्षे लोटली तरी हळदीला कीड लागत नाही.

परंतु पेवात एक मोठा धोका असतो. आतली हवा कोंडून विषारी होते. म्हणून पेव एक दिवस आधी उघडून ठेवतात. मग दोराने जळता कंदील आत सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कोणी उतरत नाही. हा तेथील नियम. लहान पोरालाही तो ठाऊक असतो.

अण्णांच्या घरी आणखी एक रीत होती. पेवातली हळद काढण्यापूर्वी घरातला पंचधातूचा गणपती पेवाच्या तोंडाशी आणून त्याची पूजा करायची. पूजेचा मान थोरल्या मेहुण्याचा, म्हणजे विष्णुपंतांचा. त्यासाठीच आम्ही निघालो होतो.

कार्तिक सरत आला होता. आम्ही सातारा रोड स्टेशनावर गाडीत बसलो, मिरजेला गाडी बदलली, सांगलीहून टांगा केला आणि चिंचेच्या झाडांखालून हरिपुरात पोहोचलो. अण्णा दारातच उभे होते.

"या भाऊजी! आणि काय गं केअरलेस, रेल्वेत काय विसरून आलीस?"

सगळे हसले. मीही मोठ्या आनंदाने टांग्यातून उतरलो. साताऱ्याहून सांगलीपर्यंत माझी कीर्ती पोहोचली होती!

"काही नाही विसरले, अण्णामामा," उमा म्हणाली.

"मग डोकं तरी विसरली असशील. बघ चाचपून!"

उमा हसली, पण ते हसणे ओठांपलीकडे गेले नाही.

आता नीट ऐका. पूजेचा मुहूर्त मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळचा होता. नियमाप्रमाणे पेव आदल्या दिवशी उघडायला हवे होते. पण आदला दिवस अमावास्येचा. अमावास्येला पेव उघडायचे कसे? पंत म्हणाले, नको. अण्णाही म्हणाले, नको. तेव्हा पेव पूजेच्याच दिवशी, उजाडता उजाडता उघडले गेले. ते मागच्या मोसमात अर्धे उपसून पुन्हा बंद केलेले होते. अर्धी हळद आत होती आणि तिच्यावर सारी कोंडलेली हवा.

हरिबा आणि जोतिबा हे दोघे भाऊ, अण्णांचे जुने हमाल. फरशी बाजूला करताच हरिबाने नाकाला पटका लावला.

"आण्णा, लय वास मारतंय. आज दिसभर उघडं ठिवा. उद्या बघू."

"पूजा तरी होऊ दे. उतरायचं उद्या. तू कंदील सोड."

हरिबाने कंदील पेटवून थोडा आत सोडला. ज्योत जळत होती. अण्णांनी वाकून पाहिली आणि ते निर्धास्त झाले. दोराचे दुसरे टोक हरिबाने खुंटीला बांधले. एवढ्यात विष्णुपंत रेशमी मुकटा नेसून सोवळ्यात आले. त्यांना पाहून दोघे हमाल रीतीप्रमाणे दूर, चिंचेखाली जाऊन उभे राहिले. पेवापाशी उरले पंत, अण्णा आणि ओलेत्याने आलेली उमा. तिच्या हातात ताम्हन आणि ताम्हनात गणपती.

पंत पूर्वेकडे तोंड करून मंत्र म्हणू लागले. उमा पेवाच्या काठाशी उभी होती. खुंटीचा दोर दव पिऊन ओला झाला होता. गाठ हळूहळू सरकत होती आणि कंदील थोडा थोडा खाली जात होता. हे कोणाच्याही लक्षात आले नाही. उमेच्या आले. ती मुंग्या पाहणारी मुलगी. ती कंदील पाहत होती.

ज्योत आधी पिवळी होती. मग तांबूस झाली. मग बोराएवढी उरली. आणि विझली!

उमा गर्रकन वडिलांकडे वळली. "नाना, कंदील—"

ताम्हन तिरपे झाले. पंचधातूचा गणपती घसरला, काठावर एकदा आपटला आणि पेवात गेला.

"केअरलेस!"

पंत गरजले. माझ्या आयुष्यात मला इतक्या मोठ्याने कोणी उच्चारले नव्हते. मी पेवावरून घुमलो, चिंचेवरचे पक्षी उडाले. आणि माझ्या त्या गर्जनेखाली उमेचे उरलेले वाक्य चिरडले गेले. ती काय सांगत होती? कंदिलाचे काय झाले? ते कोणी ऐकलेच नाही. ऐकू आलो तो फक्त मी.

"देव आहे तो, देव!" पंतांचा आवाज कापत होता. "तुझ्या हाती देव द्यायला नको होता. चूक माझीच."

"नाना, ऐका ना, कंदील विझलाय!"

"एक अक्षर बोलू नकोस."

"अण्णामामा, तुम्ही तरी—"

"गप गं उमे! आधीच काय केलंस ते बघ." अण्णा वैतागले होते. "मी स्वतः जळता पाहिलाय. आता विझला असला तर तेल सरलं असेल. रेशनचं रॉकेल ते, किती वेळ पुरणार?"

महायुद्ध चालू होते. रॉकेल मापाने मिळे. कंदील विझला तर तेल संपले, हीच त्या दिवसांत सर्वांची पहिली समजूत. साऱ्या जगाला खरे वाटेल असे कारण तयार होते. आणि सांगणारी मुलगी तर केअरलेस ठरलेली. तिच्या शब्दाला वजन कोण देणार? एखाद्याला माझे नाव दिले की त्याची साक्षही बाद होते. हे त्या सकाळी मी डोळ्यांसमोर घडताना पाहिले.

चिंचेखालून हरिबा पुढे धावला. "आवं मास्तर, मी काडतो देव! दोर लावून उतरतो, पर उद्या. आज न्हाई!"

"देव आज अंधारात ठेवू? आणि तुझ्या हातानं काढून घेऊ? विटाळेल तो."

"मग सोता तरी जाऊ नगा. जायाचंच तर कमरंला दोर बांदा!"

"तो दोर तुझ्या खांद्यावरचा. माझं सोवळं मोडेल."

अण्णांनी लाकडी शिडी आत सोडली. विष्णुपंतांनी गडव्यातले पाणी घेऊन शिडीच्या एकेका पायरीवर शिंपडले. ती पाक केली. किती जपून! एकही पायरी सुटली नाही. आणि जो कंदील हाताच्या अंतरावर काळा पडून लोंबकळत होता, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

उमेने वडिलांचा हात धरला. सोवळ्यात होती, म्हणून धरता तरी आला. "नाना, पाया पडते. उतरू नका."

"सोड. केअरलेस मुलीनं मला जपायला शिकवू नये."

ते उतरले.

मी त्यांच्या ओठांवरच होतो. त्यांच्याबरोबर मीही खाली गेलो. तेथला वास! तेथला अंधार! वरून उजेडाचा एक गोल पडला होता आणि त्या गोलात, पिवळ्या हळकुंडांत, गणपती चकाकत होता. पंतांना हर्ष झाला. त्यांनी शेवटची पायरी सोडली आणि खाली वाकले. हात पुढे केला. मग हात थांबला. श्वास घ्यायला तोंड उघडले; आत काही आलेच नाही. ओठ हलले. मला वाटले ते मलाच उच्चारणार! पण तेवढेही बळ उरले नव्हते. ते देवापासून वीतभर अंतरावर उपडे पडले.

"नाना!"

वर हलकल्लोळ झाला. अण्णा शिडीकडे धावले. हरिबा त्यांना ढकलून स्वतः उडी घ्यायला निघाला. आणि ज्या मुलीचे सकाळपासून कोणी एक वाक्य पुरते ऐकले नव्हते, ती दोघांच्या आडवी उभी राहिली.

"कोणी उतरायचं नाही! उतराल तर तुम्हीही पडाल. मामा, मागं व्हा! हरिबा, आधी दोर बांधा. जोतिबा, तुमचं घोंगडं द्या इकडं!"

"पोरी, येळ न्हाई—"

"म्हणूनच सांगते, दोर बांधा!"

तिच्या आवाजाला सारे हलले. पूजेची भरलेली घागर तिने उचलली आणि आतली हवा ढवळावी म्हणून सारे पाणी पेवाच्या कडेने आत ओतले. जोतिबाने घोंगड्याला दोर लावून ते आत सोडले आणि झपाझप खाली-वर हेलकावू लागला. हवा हलली. कोंडलेली आत, मोकळी बाहेर. त्या हळूहळू एकमेकींत मिसळू लागल्या. अण्णा देवाचे नाव घेत होते. अनसूयाबाई घरातून धावत आल्या आणि पेवाच्या काठाशी मटकन बसल्या. एरवी परपुरुषांपुढे न येणारी ती बाई पदराचे भान विसरून ओरडत होती, "काढा हो त्यांना! कुणी तरी काढा!"

उमेने हरिबाच्या कमरेची गाठ स्वतः ओढून पाहिली. खुंटीची गाठ सरकलेली तिने पाहिली होती. तिने दोर चिंचेच्या बुंध्याला फिरवून घेतला.

"हरिबा, आत श्वास घेऊ नका. एक हिसका दिलात की ओढतो."

"व्हय ताई. तुमी दोर सोडू नगा म्हंजे झालं."

हरिबाने छाती भरून घेतली, तोंड मिटले आणि तो उतरला. दोर सरकत गेला. थांबला. घोंगड्याची फडफड तेवढी चालू होती. उमेच्या तळहातावर दोर रुतला होता, रक्त येत होते. हिसका येईना. येईना. परमेश्वरा!

आला!

"ओढा!"

अण्णा, जोतिबा, उमा, सगळ्यांनी ओढले. अनसूयाबाईंनीही दोर धरला. हमालाचा दोर, ब्राह्मणाचे हात, बायकांचे हात. त्या क्षणी सोवळ्याओवळ्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. हरिबा वर आला आणि त्याच्या काखेत विष्णुपंत. मुकटा हळदीने माखलेला, ओठ निळे, डोळे मिटलेले. हरिबा मातीवर आडवा पडून धापा टाकू लागला.

उमेने वडिलांना कुशीवर वळवले, तोंडातली हळद बोटाने काढली, तोंडावर पाणी मारले. "नाना, नाना, श्वास घ्या!" क्षणभर काहीच नाही. मग गळ्यातून करवत फिरल्यासारखा आवाज आला. श्वास आला!

हळद घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याची मोटार दारात उभी होती. तिच्यात घालून त्यांना मिरजेच्या एका इस्पितळात नेले.

रात्र कठीण गेली. सकाळी धोका टळला. त्याच सकाळी हरिपुरात पेवातला कंदील जळत राहिला आणि जोतिबा दोर लावून उतरला. त्याने गणपती काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि अंगणात चाचरत उभा राहिला.

"आक्का, हातात घेतल्याबिगर काडता यीना. काय करायचं ते सांगा."

शेजारच्या एका म्हाताऱ्याने पंचगव्याची आठवण करून दिली. अनसूयाबाईंनी जोतिबाच्या हातातून देव सरळ आपल्या हातात घेतला.

"देवाला काय झालंय? हळदीत पडला होता, गटारात नव्हे. आणि ज्याच्या हातांनी माझं कुंकू राखलं, त्याच्या भावानं देव काढला. ते हात देवाला चालतात."

त्यांनी देव देव्हाऱ्यात ठेवला आणि नमस्कार केला. मी शब्द आहे. मला हात नाहीत. असते तर मीही जोडले असते. ज्याने सर्वांना निर्मिले त्याला कोणाच्या स्पर्शाने उणेपण येते, असे मानणे ही भक्ती नव्हे. भक्तीची ती केवळ सवय आहे.

आता माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण सांगतो. तो इस्पितळातला.

पंत शुद्धीवर आले होते, परंतु घसा भाजल्यासारखा झाला होता. बोलता येत नव्हते. खाटेशी अण्णा, उमा आणि हरिबा उभे होते. हरिबा दाराबाहेरच राहणार होता. उमेने त्याला आत आणले होते. तेवढ्यात गोरे डॉक्टर आले. उंच, थकलेले, रागावलेले. त्यांनी नाडी पाहिली आणि इंग्रजीत विचारले, "हे कसे घडले? पेवात माणसे मेलेली मी पूर्वीही पाहिली आहेत. येथे निष्काळजी कोण होते? हू वॉज केअरलेस?"

माझे नाव! माझ्या मातृभाषेत, शुद्ध उच्चारात, माझे नाव! मी शहारून उठलो.

उत्तर कोण देणार? अण्णांचे इंग्रजी 'येस सर' आणि 'गुड रेट' यांपलीकडे जात नव्हते. पंतांचा घसा बंद. इंग्रजी येणारी एकच व्यक्ती त्या खोलीत उरली होती. सर्वांनी उमेकडे पाहिले.

अण्णा तिच्या कानाशी लागले. "उमे, हमालाचं नाव सांग. कंदील त्यानंच बांधला होता ना? गाठ सुटली म्हणावं. भाऊजींची अब्रू राहील. हरिबाला काय कळतंय इंग्रजी?"

हरिबाला इंग्रजी कळत नव्हते. पण आपल्याकडे पाहून कुजबुज चालली आहे, हे त्याला कळले. त्याने मान खाली घातली.

पंतांनी डोळे उघडले. त्यांना सारे ऐकू येत होते. त्या डोळ्यांत भीती होती. मी आता उमेच्या जिभेवर जाऊन बसलो होतो. जन्मभर जो तिच्यावर फेकला गेला, तो आज तिच्या हाती! ती मला हमालावर टाकू शकत होती. वडिलांवर टाकू शकत होती; सारे हिशेब एका शब्दात चुकते झाले असते. वडिलांना वाचवायला ती मला गिळूनही टाकू शकत होती. पण मग ते खोटे झाले असते. मी श्वास रोखून बसलो. ही मुलगी माझे काय करणार?

उमेने डॉक्टरांकडे सरळ पाहिले. आवाज लहान होता, पण कापत नव्हता.

"द मेन वेअर केअरफुल, सर. माय फादर डिड अ केअरलेस थिंग." ती थांबली. मग म्हणाली, "ही इज नॉट अ केअरलेस मॅन."

हमालांनी काळजी घेतली होती. माझ्या वडिलांच्या हातून निष्काळजीपणाचे एक कृत्य घडले. ते निष्काळजी मनुष्य नव्हेत.

किती वर्षे मी या क्षणाची वाट पाहत होतो! बोट ठेवले, ते अचूक जागी. दगड कोणालाही लागला नाही. सत्य लपले नाही आणि मनुष्य चिरडला गेला नाही. माझे काम मला या देशात प्रथमच कोणी पुरते करू दिले होते.

डॉक्टर हरिबाकडे वळले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. हरिबा गोंधळला. "काय म्हणाली ताई? माजं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं, हरिबा. तेच सांगितलं."

खाटेवरून खरखर आवाज आला. विष्णुपंत बोलू पाहत होते. उमा वाकली. आम्ही सारे वाकलो. शुद्धीवर आल्यानंतरचे त्यांचे ते पहिले शब्द.

"वाक्यं... निर्दोष आहेत."

डॉक्टरांनी विचारले, "काय म्हणाले ते?"

उमेच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. तिने इंग्रजीत सांगितले, "माझे शिक्षक म्हणतात, माझी वाक्ये बरोबर आहेत." डॉक्टर खो खो हसले. अण्णांना काही कळले नाही, तेही हसले.

पंत मात्र हसले नाहीत. उमेच्या तळहाताला बांधलेली चिंधी त्यांनी पाहिली. तिच्यावरून बोट फिरवले. मग पुन्हा ओठ हलले.

"उमे, तू... कंदिलाचं काय सांगत होतीस?"

"विझला म्हणून सांगत होते, नाना."

त्यांनी डोळे मिटले. मान हलवली, ऐकल्याची. ते एक वाक्य ऐकायला त्यांना एवढे खोल उतरावे लागले होते.

"मार्चला," ते म्हणाले, "अजून अवकाश आहे ना?"

"आहे, नाना. पुष्कळ आहे."

"मग साताऱ्याला परत चल. माझ्याबरोबर."

सांगलीचे स्थळ अण्णांनी दुसऱ्या कोणाला सुचवले. मार्चमध्ये उमा परीक्षेला बसली.

तेव्हापासून मी पंतांकडेच आहे. ते मला अजून वापरतात; चूक दिसली की सोडीत नाहीत, आणि सोडू नयेच. परंतु हल्ली मला जिभेवर आणून ते क्षणभर थांबतात आणि आधी समोरच्याला विचारतात, "तू काय सांगत होतास?" कधी उत्तर ऐकून मला बाहेर काढतात. कधी मुकाट परत ठेवतात. दोन्ही वेळा मला सारखाच आनंद होतो.

वाचकहो, माझा उपयोग करा. जगात निष्काळजीपणा पुष्कळ आहे. त्याला नाव दिलेच पाहिजे. एवढीच विनंती, की ज्याला ते नाव द्यायचे त्याचे वाक्य आधी पुरे होऊ द्या. तेवढा वेळ मी तुमच्या ओठांआड उभा राहीन. मला कसलीही घाई नाही.